पगार कोण देतं?

25 जानेवारी, रात्री

राष्ट्रीय मतदार दिन पार पडला. 1950 साली याच तारखेला निवडणूक आयोग स्थापन झाला आणि 2011 पासून हा दिवस साजरा होतो, हे वाक्य मी आता झोपेतसुद्धा म्हणेन. कॉलेजच्या हॉलमध्ये शपथ झाली, यादीत पहिल्यांदाच नाव लागलेल्या पोरांना कार्डं वाटली, चहा-उप्पीट झालं. प्रश्न विचारा म्हटल्यावर शहापूरकडचा एक पोरगा उठला. "सर, आयोग स्वतंत्र आहे म्हणता. मग तुमचा पगार कोण देतंय?"

हॉल हसला. मीही हसलो, पण प्रश्न वर्मावरचा होता. पगार राज्य सरकार देतं. बेळगावच्या डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, बसून निवडणुकीची पत्रकं काढणारा मी, मूळचा दुसऱ्याच खात्याचा. निवडणुकीची अधिसूचना निघाली की 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 28अ लागू होतं आणि निकाल लागेपर्यंत आम्ही सगळे आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहोत असं धरलं जातं. जिल्हाधिकारी तेच, मास्तर तेच, पोलीस तेच, हुकूम मात्र दुसऱ्याचा. हे सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही. होऊही नये, असं मला मनातून वाटलं.

लगेच त्याचा दुसरा प्रश्न: निवडणूक आयुक्तांना कोण नेमतं? मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने निवड समितीत सरन्यायाधीशांना घेतलं. त्याच डिसेंबरात संसदेने कायदा केला आणि त्यांच्या जागी पंतप्रधानांनी सुचवलेला केंद्रीय मंत्री आला. एवढं सांगून गप्प बसलो. "तुम्हाला काय वाटतंय?" म्हणाला. खुर्चीला काही वाटत नसतं, म्हणून सुटका करून घेतली. या कामात माणसाचं मत फक्त यंत्राच्या बटणापुरतं.

आमच्याकडे लोकांना समजावणं अवघड, कारण मुळात आयोगच दोन. लोकसभा-विधानसभेचा दिल्लीचा, पंचायत-महापालिकेचा बेंगळुरूचा. सप्टेंबर 2021 मध्ये बेळगाव महापालिकेच्या 58 वॉर्डांसाठी मतदान झालं, तेव्हा मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी का दिसली नाही, हा प्रश्न अजूनही मलाच विचारतात. ती निवडणूक राज्य आयोगाची, असं मी सांगतो. समोरचा मान हलवतो, पण त्याच्या लेखी मी हात झटकलेले असतात.

त्यात सरहद्द. 7 मे 2024 ला बेळगाव-चिकोडीचं मतदान आणि पलीकडे कोल्हापूर-हातकणंगल्याचंही त्याच मंगळवारी. आमचा खानापूर तालुका तर लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये, म्हणजे कारवारकडे. पाहुणे चारी दिशांना, त्यामुळे फोनवरचे मेसेजही चारी दिशांनी. उचगाव भागातली एक सून त्या दिवशी केंद्रावर मोबाईल पुढे धरून उभी होती. माहेर सरहद्दीपलीकडच्या चंदगडकडचं, लग्नानंतर नाव इकडे आणायचं राहून गेलेलं. मेसेजात लिहिलेलं, की यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि 'चॅलेंज व्होट' मागा, नकार देताच येत नाही. "लिवलंय की हो इथं," ती म्हणत होती. सोबत सासू, कडेवर पोर, ऊन रणरणतं.

असं काही नसतं. नाव नाही तर मत नाही. चॅलेंज होते ती मतदाराच्या ओळखीवर. केंद्रावर बसलेल्या उमेदवाराच्या एजंटाने दोन रुपये भरून हरकत घ्यायची, केंद्राध्यक्षाने चौकशी करायची. आपल्या नावावर आधीच कोणी ओट घालून गेलं असेल तर मिळते ती प्रदत्त मतपत्रिका, कागदी, पाकिटात वेगळी ठेवलेली. मेसेज बनवणाऱ्याने या दोन्हींची खिचडी केली होती. यादीतलं नाव इकडे आणायला लागणाऱ्या फॉर्म 8 चं मी तिला सांगितलं. "आणि आज?" तिने विचारलं. आज काही नाही, अक्का. माझा खुलासा वरून मंजूर होऊन दुसऱ्या दिवशी छापून आला, आतल्या पानावर. खुलाशाला सही लागते, अफवेला लागत नाही.

त्याच निवडणुकीत पहिल्या टप्प्याची अंतिम टक्केवारी दिल्लीहून 30 एप्रिलला आली. मतदान झालं होतं 19 ला. गावोगावी शंका निघाल्या आणि माझ्या पत्रकाने एकही मिटली नाही. मिटायची ती फॉर्म 17सी ने. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष यंत्रात किती मतं पडली ते लिहून, सही करून, हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला प्रत देतो. मोजणीच्या टेबलावर तोच आकडा ताडून बघायचा. गावातला माणूस माझं ऐकत नाही, पण आपल्या गल्लीतल्या पोराच्या खिशातला कागद त्याला पटतो. तरी कित्येक एजंट सहाच्या आधीच घरी जातात. प्रशिक्षणात यावरच तासभर बोलायला हवं, असं माझं जुनं टुमणं आहे. पोस्टर स्पर्धा आणि रांगोळ्या कमी केल्या तरी चालतील.

कार्यक्रमानंतर तो पोरगा मागं आला. 1996 च्या बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार होते, हे मी भाषणात सांगितलं होतं. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीवाल्यांनी ढिगाने अर्ज भरले आणि मतपत्रिका एका कागदावर मावेना. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत 500 वरून 10,000 झाली. आता 25,000 आहे. मतदान यंत्राला आज बटणांची 24 युनिटं जोडली तरी 'नोटा' (वरीलपैकी कोणी नाही) धरून 384 च नावं बसतात, त्यापुढे कागदच.

"आमचे आजोबा होते त्यात," तो म्हणाला. "पाचशे रुपये बुडाले म्हणून आज्जी अजून बोलते. त्यांना मतं किती पडली, बघायला मिळतंय काय?"

मिळतंय. आयोगाच्या अहवालात प्रत्येक उमेदवाराची मतं छापलेली आहेत. उद्या सुट्टी, परवा ऑफिसला ये म्हटलं, आणि आजोबांना घेऊन ये. इंग्रजी स्पेलिंगांतून त्यांचं नाव हुडकायला तेच हवेत.