तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडचा शिवराई होन (शिवाजी महाराजांचं सोन्याचं नाणं) खरा आहे का?

मला नाण्यांचा नाद आहे हे नातेवाइकांत कळल्यापासून दर शिवजयंतीला आणि राज्याभिषेक दिनाला व्हॉट्सअॅपवर तळहातावर ठेवलेल्या पिवळ्या नाण्याचे फोटो येतात, निम्मे हललेले, आणि खाली एकच प्रश्न, "दादा, खरा आहे का हो? कितीला जाईल?" प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

तर नाही, जवळजवळ नक्कीच नाही. तुमच्याकडे आहे ती सराफाने किंवा कुठल्यातरी संस्थेने काढलेली प्रतिकृती. सोनं खरं असू शकतं, होन खरा नसतो. महाराजांच्या काळातले सोन्याचे होन फारच थोडे शिल्लक आहेत आणि ते आजोबांच्या ट्रंकेत सहसा सापडत नाहीत. ट्रंकेत अस्सल शिवराई सापडू शकते, पण ती तांब्याची, आणि तीही बहुतेक पुढच्या काळातली, कारण तांब्याच्या शिवराया महाराजांनंतर शंभर-दीडशे वर्षं पडतच राहिल्या. मजकूर तोच, एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, त्यामुळे कुणीतरी तिलाच सोन्याचा मुलामा देऊन होन म्हणून खपवतो.

ओळखायचं कसं? अस्सल होनाचं वजन साधारण 2.8 ग्रॅम आणि आकार शर्टाच्या बटणाएवढा, जेमतेम सव्वा सेंटिमीटर. लोकांचा इथेच पहिला भ्रमनिरास होतो, एवढासा? हो, एवढासाच. त्यावर देवनागरी अक्षरं आहेत, बास. महाराजांचा चेहरा नाही, जिरेटोप नाही, सालसुद्धा नाही. म्हणजे तुमच्या नाण्यावर 1674 लिहिलेलं असेल तर तिथेच विषय संपला. जुनी नाणी हातोड्याने ठोकून पाडायचे, त्यामुळे छाप बरोबर मध्यभागी बसेलच असं नाही, एका बाजूला ठिपक्यांची कड पूर्ण दिसते तर दुसऱ्या बाजूला निसटलेली असते. तुमच्याकडच्याचे सगळे ठिपके शाळेच्या परेडसारखे उभे असतील तर ते मशीनचं काम. आणि ओतीव नक्कल असेल तर भिंगाखाली छ च्या पोटात बघा, बारीक बारीक छिद्रं दिसतात, कधीकधी कडेला साच्याचा जोडही घासून काढलेला दिसतो.

आता लोक यावर हिरमुसतात, ते मला पटत नाही. प्रतिकृती म्हणून घेतली असेल तर चांगलीच गोष्ट आहे की, फक्त प्रतिकृतीच्या हिशोबाने पैसे मोजा. वजन गुणिले त्या दिवसाचा भाव, वर घडणावळ आणि जीएसटी. यापेक्षा जास्त कुणी "लिमिटेड एडिशन", "सर्टिफिकेटसह", "मखमली डबी" म्हणून मागत असेल तर ते पैसे डबीचे आहेत, विकायला जाल तेव्हा सराफ डबी बाजूला ठेवून नाणं तेवढं काट्यावर टाकतो. कडी लावलेलं पेंडंट असेल तर कडी जोडणारा टाका वेगळ्या कसाचा असू शकतो, म्हणून हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला ओळख क्रमांक) बघा आणि तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून तपासा. पाच आणि दहा ग्रॅमचे "होन" पण मिळतात हल्ली, माझं वैयक्तिक मत म्हणाल तर दहा ग्रॅमचा होन हा होनच नाही.

आणि वजन-कस बघितला तर महाराजांचा अपमान होतो असं एका काकांनी मला सुनावलं होतं, त्यांच्यासाठी हे खास. 1674 ला राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन इंग्रजांचा वकील म्हणजे दूत म्हणून रायगडावर आला होता, तहाच्या कलमांत इंग्रजांना त्यांचं नाणं स्वराज्यात चालायला हवं होतं. महाराजांचं उत्तर काय, तर कुठलंही नाणं चालायला माझी बंदी नाही, पण रयतेला तोटा होईल असं नाणं घ्यायची सक्ती मी करणार नाही, तुमचं नाणं इतरांच्या तोडीच्या कसाचं आणि वजनाचं असेल तर खुशाल चालू द्या! सभासद बखरीत खजिन्याची यादी आहे तीही बघा, शिवराई होन आहेत तसे देवराई, अच्युतराई, रामचंद्रराई, धारवाडी असे कुठकुठल्या राजांचे आणि गावांचे होन वेगवेगळे मांडलेत, कारण प्रत्येकाचा बाजारातला भाव वेगळा.

समजा हजारात एखाद्याचा खरंच अस्सल निघालाच, तर आधी ऑनलाइन विकायला टाकू नका. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, परदेशात नेता येत नाही आणि त्याचा धंदा करायला लायसन्स लागतं. जमिनीत सापडलं असेल तर 1878 चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा कायदा आहे, दहा रुपयांच्या वर किंमत असली की कलेक्टरला कळवावं लागतं, आणि हो, दहा रुपयेच, ती मर्यादा तेव्हाचीच आहे. त्याला घासूनपुसून चकचकीत तर अजिबात करू नका, ब्रासोवाले लोक बघितले की माझ्या अंगावर काटा येतो.

यापुढे फोटो पाठवायचाच असेल तर दोन्ही बाजू, एक फोटो कडेचा, शेजारी फूटपट्टी, आणि सराफाच्या काट्यावरचं वजन दोन दशांशापर्यंत. तळहातावरचा हललेला फोटो आला तर उत्तर मिळणार नाही, मावशीने पाठवला तरी.