झाकणाच्या आतली माझी खूण

तीन आठवडे झाले, डोक्यातून जात नाहीये, म्हणून शेवटी लिहायला बसलो.

पुण्यात माझं घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बाबांचं होतं, आता मी बसतो. सेल बदलणं, पट्ट्याच्या कड्या काढणं हे सकाळचं काम, त्यावर दुकानाचं भाडं निघतं. दुपारनंतर टेबलावर जे येतं ते जवळजवळ सगळं हौशी लोकांचं असतं. कोणी एनएच३५ (सीकोचं ऑटोमॅटिक) मशीन, डायल, केस असं वेगवेगळं मागवून स्वतःचं घड्याळ जोडतंय, कोणी बुधवारी-रविवारी जुन्या बाजारातनं एचएमटी उचलून आणतंय, आणि बरेच जण रेप्लिकावाले. रेप्लिका म्हटलं की लोकांना फुटपाथवरची सातशे रुपयांची फर्स्ट कॉपी आठवते, पण या मंडळींचं प्रकरण वेगळं असतं. चांगली केस घ्यायची, काच बदलायची, तारखेच्या चकतीवरचा आकड्यांचा स्टिकर जाड असतो आणि डायलला खालून घासून तारीख अडकवतो तो काढून पातळ लावायचा, आणि चिनी मशीन काढून आत खरं स्विस मशीन घालायचं. वर्षवर्षभर एका घड्याळावर खर्च करतात आणि ते विकत नाहीत, घालतात. मी यांचं काम आनंदानं करतो. एकच गोष्ट करत नाही, कोणाला ओरिजिनल म्हणून खपवता यावं यासाठी घड्याळाला हात लावत नाही, आणि स्वतः एकही रेप्लिका विकत नाही.

तर त्या रविवारी चाकणला कंपनीत काम करणारा एक पोरगा आला, मूळचा कोल्हापूरचा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. रोलेक्सच्या जुन्या १६६१० सबमरिनर मॉडेलची रेप्लिका, काळी बेझल (काचेभोवतीचं कडं), स्टीलचा पट्टा. म्हणाला, "दादा, रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद पडतंय. आणि आतनं खरखर आवाज येतोय. तुमचीच सर्व्हिस आहे म्हणून तुमच्याकडं आलो."

मी म्हटलं माझी कशी, मी तुला आज पहिल्यांदा बघतोय. त्यानं फोन काढून फोटो दाखवला. उघडलेलं झाकण, आणि झाकणाच्या आत सुईनं कोरलेली बारीक खूण, माझं अक्षर, ४१७, आणि खाली २१. म्हणजे माझ्या वहीतलं एकूण चारशे सतरावं काम, २०२१ सालात केलेलं. शेजारी टाइमग्राफरच्या, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनचा फोटो, त्यावर तासाला २८,८०० ठोके, दिवसाला अधिक ४ सेकंद (तेवढं पुढं), ॲम्प्लिट्यूड (बॅलन्सचाकाचा झोका) २८८ अंश. पोरानं ३८,००० दिले होते, आत स्विस ईटीए कंपनीचं २८३६-२ मशीन आहे असं सांगून विकलेलं.

घड्याळ हातात घेतलं आणि हळूच हलवलं, तिथंच कळलं. ईटीएचा रोटर, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणारं आतलं वजन, दोन्ही बाजूंना चावी भरतो, त्यामुळं तो फिरताना हाताला दोन्हीकडं थोडी ओढ लागते. हा एका बाजूला मोकळा भर्रकन फिरत होता, अंगठ्याखाली थरथर जाणवत होती. एका बाजूनं भरणारं आणि दुसरीकडं मोकळं सुटणारं स्वस्तातलं मशीन म्हणजे बहुतेक वेळा डीजी २८१३, जे जपानी मियोटा ८२१५ वर बेतलेलं चिनी मशीन आहे. मग टाइमग्राफरवर ठेवलं तर २१,६००. सेकंदाला आठ ठोके हवे तिथं सहा. पोराला काहीच बोललो नाही, म्हटलं आधी उघडू दे.

झाकण उघडलं आणि खरं सांगतो, पोटात कसंतरी झालं. खूण माझीच होती, फोटोतली नाही, खरीखुरी. पण तिच्यावरनं गोल गोल ओरखडे गेले होते, अर्धा ४ पुसला गेला होता. कारण असं की २८३६-२ ची जाडी ५.०५ मिलिमीटर असते आणि या दुसऱ्या मशीनची साधारण ५.७. अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त फरक, बाहेरच्या माणसाला काहीच वाटणार नाही, पण घड्याळाच्या आत तेवढ्यात दोन चाकं मावतात. रोटर थेट झाकणाला घासत होता, त्याचा काळपट भुगा मशीनवर पसरलेला, थोडा बॅलन्सपर्यंत पोचलेला. रोटर घासतोय म्हणून चावी पुरेशी भरत नाही, चावी भरत नाही म्हणून रात्री बंद.

पुढं काटे काढले, डायल उचलायला गेलो तर डायल चिकटलेला. डायलच्या मागं दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकात बसतात आणि बाजूनं घट्ट धरले जातात. या मशीनची भोकं वेगळ्या जागी, म्हणून ते पाय सरळ कापून टाकले होते आणि खाली दोन चिकट ठिपके लावले होते. काट्यांची भोकंही दोन्ही मशीनना सारखी नसतात, तर सेकंदकाट्याची नळी चिमट्यानं दाबून बसवलेली, किंचित वाकडी. चावीची दांडी ज्या उंचीला निघते तीही वेगळी, त्यामुळं दांडी तिरकी जात होती आणि चावी फिरवताना घट्ट लागत होती. मला कापलेल्या पायांचा सगळ्यात जास्त राग येतो. मशीन कधीही बदलता येतं, पण डायलचे पाय एकदा कापले की तो डायल कायमचा लंगडा.

पोरगा समोर बसून सगळं बघत होता. तो म्हणाला, "म्हणजे फसलो का दादा?"

मी वही काढली. बाबांनी लावलेली सवय आहे, प्रत्येक कामाचा नंबर, आणि तोच नंबर झाकणाच्या आत. ज्यांनी कधी जुनं एचएमटी जनता उघडलंय त्यांना माहीत असेल, आत चार-चार कारागिरांच्या खुणा असतात, कोणाचं अक्षर, कोणाची तारीख, कोणी नुसता त्रिकोण. ती खूण गिऱ्हाइकासाठी नसते. दोन वर्षांनी घड्याळ परत आलं तर आपणच आपलं काम ओळखावं, मागच्या वेळी कुठला पार्ट घातला ते वहीत बघावं, एवढ्यासाठी असते. ४१७ च्या ओळीत लिहिलं होतं, मार्च २०२१, सबमरिनर रेप्लिका, ईटीए २८३६-२ गिऱ्हाइकानं आणलेलं, पूर्ण सर्व्हिस, स्प्रिंगच्या डब्याच्या भिंतीला ८२१७ ग्रीस, पॅलेटला ९४१५, अधिक ४, २८८.

ते काम मला चांगलंच आठवतंय. हिंजवडीतले एक साहेब, आयटीतले. मशीन त्यांनी बाहेरून मिळवलं होतं, तेल सुकून चिकट झालेलं. पूर्ण खोललं, दोन वेळा धुतलं, हेअरस्प्रिंग, बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग, जराशी एका बाजूला ओढलेली होती ती सरळ करायला एक अख्खी दुपार गेली. सहाही पोझिशनमध्ये तपासलं. पैसे घेतले साडेचार हजार, आणि ते कमीच होते. तो टाइमग्राफरचा फोटोसुद्धा मीच काढून त्यांना पाठवला होता.

मग फोन सुरू केले. साहेब म्हणाले, हो, मी २०२२ ला विकलं, ३४ हजारांना, ईटीएसकट, सगळे फोटो दिले होते. ३४ हा आकडा मला पटतो आणि का पटतो ते सांगतो, कारण याच्यावरनं कायम भांडणं होतात. मी किंमत एकाच पद्धतीनं काढतो. केस आणि पट्टा ७ हजार, काच २, डायल-काटे ३, मशीन १८, माझी मजुरी साडेचार. साडेचौतीस. डायलवर जे नाव छापलंय त्याचे पैसे शून्य, कारण ते नाव खोटं आहे आणि घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांनाही ते माहीत आहे. 'दुर्मीळ', 'एकदम हुबेहूब', 'ज्वेलरलाही ओळखू येणार नाही' असल्या गोष्टींचेही शून्य, आणि जो माणूस ज्वेलरची गोष्ट काढतो त्याच्याकडनं घड्याळ घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यानं साहेबांकडनं घेतलं तो निघाला माझाच मित्र, चांगला हात असलेला हौशी, त्याला हेअरस्प्रिंग धरायला मीच शिकवलं. तो लगेच म्हणाला, "अरे हो, ईटीए मी काढून माझ्या दुसऱ्या घड्याळात घातलं. यात डीजी टाकलं, पाय कापावे लागले. पण विकताना सगळं सांगितलं होतं, ९ हजारांना दिलंय." त्यानं तेव्हाचे मेसेजही पाठवले. त्यात खरंच सगळं होतं, मशीन कुठलं, पाय कापलेत, आवाज येतो. नऊ हजार हीसुद्धा बरोबर किंमत. पाय कापल्याबद्दल मी त्याला बोललो, रोटर घासतोय हे बघून तसंच झाकण लावल्याबद्दल जास्त बोललो, पण खोटेपणा त्यानं केला नाही.

तिसऱ्यानं केला. नऊ हजारांना घेतलं, साहेबांच्या पहिल्या विक्रीचे फोटो कुठूनतरी मिळवले, माझ्या खुणेचा आणि माझ्या टाइमग्राफरचा, आणि ३८ हजारांना पोराला विकलं. त्याला फोन केला तर आधी म्हणाला मला मशीनमधलं काही कळत नाही, जसं आलं तसं दिलं. ९ चे ३८ करताना कळलं होतं का, विचारलं. मग म्हणाला, "आत तुमचीच खूण आहे ना? मग?"

या 'मग' वर मला उत्तर सुचलं नाही. फोन ठेवल्यावर दहा गोष्टी सुचल्या, पण त्या वेळी एकही नाही.

पोराला तक्रार करायला जागाच नाही. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०४ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. पण मला नकली रोलेक्समध्ये खरं ईटीए मिळालं नाही, अशी तक्रार घेऊन कुठला माणूस पोलिसांत जाईल? विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. आणि जे लोक रेप्लिकावाल्यांना नावं ठेवतात त्यांनाही एक सांगायचंय, मुंबईत जुन्या एचएमटी आणि सीको फाइव्हवर नवे भडक डायल छापून बाहेरच्या गिऱ्हाइकांना 'विंटेज' म्हणून विकणं वर्षानुवर्षं चाललंय, ते विकणारे स्वतःला सज्जन समजतात. रेप्लिका घालणारा माझा गिऱ्हाईक निदान पहिल्या वाक्यात सांगतो की हे खोटं आहे.

मित्रानं मध्ये पडून त्या तिसऱ्याला गाठलं, दोन आठवड्यांनी १५ हजार परत आले. बाकीचे येणार नाहीत हे पोरानंही धरून चाललंय. मी त्याला कागदावर हिशेब मांडून दिला. ईटीए पुन्हा घालायचं तर १८ ते २० हजार आणि वर मजुरी, मी म्हटलं करू नको, आधीच भरपूर गेलेत. २८३६ ची चिनी कॉपी साडेसहा हजारांत येते, तेच २८,८०० ठोके, तीच उंची, दांडी सरळ जाईल, रोटर घासणार नाही. तो म्हणाला चालेल.

नवीन मशीन म्हणून नुसतं घालायचं नाही हेही सांगून ठेवतो. ही चिनी मशीनं बऱ्याचदा कोरडी तरी येतात नाहीतर तेलात पोहत येतात. हे कोरडं होतं. खोललं, धुतलं, तेल दिलं. डायलला पाय लावणं हा खरा प्रश्न होता. डाग द्यायला (सोल्डर करायला) गेलो तर उष्णतेनं पुढचा रंग फुगतो. म्हणून तांब्याच्या तारेचे दोन तुकडे घासून चपटे केले, मशीनच्या भोकांवर डायल ठेवून जागा आखली, दोन भागांच्या इपॉक्सीनं चिकटवले आणि दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी बसवलं. तारीख बरोबर मधोमध आली तेव्हा मी बायकोला बोलावून दाखवलं. इपॉक्सी किती वर्षं धरेल याची हमी देत नाही, हे पोराला लिहून दिलंय. सेकंदकाट्याची नळी सरळ केली. आता अधिक ६, ॲम्प्लिट्यूड २७०. मजुरी अडीच हजार घेतली, तो जास्त द्यायला लागला, घेतले नाहीत.

राहिलं झाकण. भुगा धुऊन निघाला, ओरखडे आहेत, आणि त्यांच्याखाली माझा अर्धा पुसलेला नंबर. पोरगा म्हणतोय, दादा नवीन खूण करा ना, तुमची खूण असली की बरं वाटतं. त्याच्या मनात विकायचं नाहीये, मला माहितीये. पण साहेबांच्याही मनात तेव्हा नव्हतं.

बायको म्हणते खूण मशीनवर कर, झाकणावर नको. मशीनवर कोरणं मला बरोबर वाटत नाही, बाबांनी कधी केलं नाही, आणि काढलेलं मशीन उद्या दुसऱ्याच कुठल्या घड्याळात जाईल. मित्र म्हणतो मार्करनं लिही, पुसता येतं. पुसता येतं तर लिहायची कशाला. शिवाय एक हिशेब अजून लागलेला नाही. २०२१ पासून वहीत साडेतीनशेच्या वर कामं आहेत, म्हणजे तेवढी झाकणं कुठे कुठे फिरतायत, त्यातल्या किती जणांच्या आत मी केलेलं मशीन अजून आहे, मला सांगता येणार नाही.

काल रात्री दुकान बंद करायच्या आधी ४१७ वर सुईनं आडवी रेघ मारली. वहीत त्या ओळीपुढं तारीख घालून लिहिलं, मशीन बदललेलं, ही खूण रद्द. नवीन कामाला नवीन नंबर वहीत टाकलाय, त्याचा आणि आतल्या मशीनचा एकाच फ्रेममध्ये फोटो काढून पोराला पाठवलाय. झाकणावर अजून काही कोरलेलं नाही. घड्याळ ड्रॉवरमध्ये चालू आहे, तो या रविवारी न्यायला येणार आहे.