एकच सेशन उरलं होतं

जून 2024चा शेवटचा शनिवार. डेबियन 10 या लिनक्स आवृत्तीचा एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीचा सपोर्ट 30 तारखेला संपणार होता आणि आमच्या एका ग्राहकाचा सर्व्हर अजून त्याच आवृत्तीवर होता. मशीन नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, मी पुण्यात घरी. खरं तर आधी 11 आणि मग 12 असं जायला हवं. मधली आवृत्ती गाळू नका, असं डेबियनवाले स्पष्ट सांगतात. पण डाउनटाइम मिळाला होता जेमतेम चार तासांचा. पॅकेजं कुठून घ्यायची ते ठरवणाऱ्या सोर्सेसच्या फाइलीत मी थेट ‘बुकवर्म’, म्हणजे 12चं नाव लिहिलं आणि फुल-अपग्रेड लावलं. ही चूक माझीच.

मध्यरात्रीनंतर पर्ल या स्क्रिप्टिंग भाषेनं एरर दिला: लिबक्रिप्ट डॉट एसओ डॉट 1 ही लायब्ररी फाइल सापडत नाही. मग पॅकेजमागून पॅकेज तीच ओळ, आणि पॅकेजं बसवणारं ॲप्ट थांबलं.

डेबियन 10मध्ये ही फाइल लिबसी6 या मूळ सी लायब्ररीच्या पॅकेजातच असते. पुढे ती लिबक्रिप्ट1 नावाच्या वेगळ्या पॅकेजात गेली. नवं लिबसी6 आधी उलगडलं गेलं, त्यानं जुनी फाइल काढली, आणि लिबक्रिप्ट1चा नंबर अजून यायचा होता. पॅकेज बसवताना सेटिंग विचारणारं डेबकॉन्फ पर्लमध्ये लिहिलेलं आहे, त्यामुळे पर्ल अडलं की पॅकेजांच्या स्क्रिप्टही अडल्या. पॅकेज यादीत असून भागत नाही, ते कधी उलगडतं हेही तितकंच महत्त्वाचं, हे त्या रात्री डोळ्यांसमोर दिसलं.

फोनवर आमची ज्युनिअर होती. “सर, मी माझ्याकडून लॉगिन करून बघते.” मग जरा वेळानं, “सर, आत घेत नाहीये. रीबूट करायचं का?”

“अजिबात नको!” मी जवळजवळ ओरडलोच. लॉगिन सांभाळणाऱ्या पॅमचं पासवर्ड तपासणारं मॉड्यूलही हीच लायब्ररी वापरतं. म्हणजे डेटा सेंटरमध्ये कुणी कीबोर्ड लावला असता तरी लॉगिन झालं नसतं. आत जायचा एकच रस्ता होता, माझ्या लॅपटॉपवर उघडं असलेलं रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचं सेशन. मी चार्जर लावला, वायफायवर विसंबून न राहता केबल जोडली.

कमांड घेणारं बॅश चालू होतं, पॅकेज उलगडणारं डीपीकेजी-डेबही. ॲप्टनं सगळी पॅकेजं आधीच उतरवून ठेवली होती. त्या कॅशमध्ये ls नं यादी पाहिली, तर लिबक्रिप्ट1ची फाइल तिथंच होती, नावातल्या कोलनच्या जागी %3a असलेली. ती /tmp मध्ये नुसती उलगडली. आत खरी फाइल आणि तिच्याकडे बोट दाखवणारी सिमलिंक. दोन्ही cp -a नं /lib खालच्या जागी नेऊन ठेवल्या. मग perl -v.

आवृत्तीचा नंबर छापून आला तेव्हा कुठे जिवात जीव आला. ॲप्टला फिक्स-ब्रोकन सांगितलं आणि राहिलेली पॅकेजं एकेक करत मार्गी लागली.

“आता बघ लॉगिन करून.”

“झालं, सर. आत आहे मी.”

“दोनदा कर. एकदा सुडो लावून पण बघ.”

तिनं दोन्ही केलं. त्यानंतरच मी मशीन रीबूट केलं.