उसाची गाडी आणि न्यूटनचा तिसरा नियम

गळीत हंगाम सुरू झाला, की सांगलीहून आष्ट्याकडे जाताना मोळ्यांनी शिगोशीग भरलेल्या बैलगाडीमागे रखडणे ठरलेले असते आणि तेव्हा शाळेत मला छळणारा एक प्रश्न हमखास आठवतो. प्रत्येक क्रियाबलास तेवढेच व विरुद्ध दिशेचे प्रतिक्रियाबल असते, असे न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेला तिसरा नियम सांगतो; मग बैल गाडीला जेवढे पुढे ओढतात तेवढेच गाडी बैलांना मागे ओढत असेल, तर ती हलतेच कशी? गुरुजींनी मला नियम पुन्हा पाठ करायला सांगितले होते.

उत्तर मिळाले ते चुलत्यांच्या रानात. ओल्या सरीतून गाडी बाहेर निघेना, बैलांची खुरे घसरू लागली, तेव्हा चुलत्यांनी चाबूक बाजूला ठेवून खुरांखाली पाचट पसरले आणि गाडी उठली. ती दोन बले वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात, म्हणून एकमेकांना खोडत नाहीत. बैल खुरांनी जमीन मागे रेटतात, जमीन त्यांना पुढे रेटते आणि हा रेटा गाडीच्या ओढीपेक्षा जास्त झाला तरच बैल पाऊल टाकतात. चिखलात ताकद बैलांची कमी पडत नव्हती. घर्षण कमी पडत होते.

दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे गणित जरा निराळे आहे. मागच्या चाकांना पुढे ढकलणारे बल जमिनीलगत लागते, तर ट्रॉलीची ओढ जमिनीपासून वर असलेल्या हुकावर लागते. या जोडीमुळे ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाऊ पाहते. पुढची चाके अधांतरी झाली, की स्टिअरिंग फिरवून काहीही साधत नाही. पुढच्या बाजूस लोखंडी वजने बसवतात ती याचसाठी. चढावर हे दृश्य पाहून लोक मोबाइल काढतात, याचे मात्र मला नवल वाटते.

थांबताना पहिला नियम पुढे येतो. ट्रॅक्टरने ब्रेक लावला, तरी स्वतःचे ब्रेक नसलेली ट्रॉली जडत्वामुळे पुढेच जाऊ पाहते आणि ट्रॅक्टरला मागून रेटते. त्यातच रोधक बल तेवढेच राहिले, तर वेग दुप्पट होताच थांबण्यासाठी लागणारे अंतर चौपट होते. त्यामुळे भरलेल्या ट्रॉलीच्या पुढे जाऊन लगेच ब्रेक दाबणारा दुचाकीस्वार दिसला, की माझ्या पोटात गोळा येतो. मी आपला मागेच रखडतो.