उडान परत बघितली, आण्णांसोबत

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आण्णा, म्हणजे माझे वडील, दीड महिना माझ्याकडे होते, आणि घरात बसून माणूस बातम्या तरी किती बघणार, म्हणून एका दुपारी त्यांना यूट्यूबवर उडान लावून दिली. दूरदर्शनवर १९८९ ला सुरू झालेली ती, पोलीस अधिकारी होणाऱ्या मुलीची मालिका. आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता, समोरच्या काकूंच्या उंबऱ्यावर बसून बघायचो आणि मला त्यातली फक्त खाकी वर्दी आणि कविता चौधरीचं ते ताठ चालणं आठवत होतं. (सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी पण हीच, हे आमच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही.)

आता चाळिशी उलटल्यावर बघायला बसले तर वर्दी राहिली बाजूला, मला दिसला तो बाप. विक्रम गोखले. मुलगी आहे म्हणून कुठं हात आखडता न घेणारा, आणि जमिनीच्या भांडणात आपल्याच माणसांनी उलटा पाडलेला. कविता चौधरीनी ही मालिका स्वतःच लिहिली आणि दिग्दर्शित केली, ती पण सख्ख्या बहिणीवरून. कांचन चौधरी भट्टाचार्य, १९७३ च्या बॅचच्या आयपीएस, किरण बेदींनंतरच्या दुसऱ्या महिला आयपीएस, आणि २००४ ला उत्तराखंडच्या डीजीपी म्हणजे राज्याच्या पोलीसप्रमुख झाल्या, देशातली पहिली बाई त्या पदावर. पोलिसात का गेल्या? तर प्रॉपर्टीच्या वादात वडिलांना मारहाण झाली आणि पोलीस तक्रारच घेईनात.

म्हणजे बघा, हल्लीच्या सिरियलमध्ये हिरॉईनची मोठी मीटिंग आणि सासूबाईंची पूजा नेमकी एकाच दिवशी येते आणि मग घर की करिअर म्हणून आठवडाभर रडारड. इथं तसला प्रश्नच नाही, नोकरी हीच घरासाठी. मला हे लहानपणी फार भारी वाटलं असतं, आता जरा पोटात गोळा येतो. कारण तिला दुसरं काही व्हायचं असतं तर?

हे मला का टोचतं तर आमच्याकडे पण चुलत्यांशी दावा चालला होता. तीस गुंठे आणि विहीर. आण्णा तारखेच्या दिवशी पहाटे उठून अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून एसटीनं तालुक्याला जायचे, काखेत साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी, त्यात फेरफार, सातबारे, स्टॅम्पपेपर सगळं कोंबलेलं, आणि संध्याकाळी येऊन एवढंच, पुढची तारीख पडली. बारावी झाल्यावर म्हणाले तू वकील हो. मी हो म्हटलं, दोन वर्षं लॉ कॉलेजला काढली पण, आणि तिसऱ्या वर्षाची फी भरायच्या वेळी सांगितलं की मला नाही जमत. चिडले असते तर बरं झालं असतं. नुसतं बरं म्हणाले. मी पुढं बीकॉम केलं, टॅली शिकले, आज एका ऑफिसात अकाउंट्स बघते आणि खरं सांगते मला ते आवडतं, ताळेबंद जुळला की अजून छान वाटतं. दावा शेवटी तडजोडीत मिटला, विहीर गेली.

तर त्या दिवशी सिरियलमधला बाप खचून बसलेला असतो तो सीन चालू होता आणि मी उगाच किचनमध्ये जाऊन भांडी लावत बसले. परत आले तर आण्णांनी मोबाईल पॉज करून ठेवलेला.

"ती पिशवी ठेवलीय अजून. कपाटात, वरच्या खणात."

"आण्णा, दावा मिटून पंधरा वर्षं झाली की."

"मिटला ना. पिशवी आहे म्हणतोय." मग काठी बाजूला सरकवली, "बस की जरा, भांडी कुठं पळून चाललीत. आणि आवाज वाढव, बोलतात काय ते कळत नाही."