सरासरी पगार नेमका कोणाच्या खात्यात जमा होतो?

आमच्या ग्रुपवर मधे एक जुनी बातमी परत फिरत आली, की भारतात महिन्याला २५ हजार कमावणारा माणूस देशातल्या वरच्या १० टक्के कमावणाऱ्यांत बसतो. झालं, सगळे पेटले. एक म्हणे फेक आहे, दुसरा म्हणे पुण्यात वन बीएचकेचं भाडं भरून २५ हजारात उरतं काय, आणि तिसऱ्याने नेहमीप्रमाणे सरकारला शिव्या घातल्या. तर बातमी फेक नाहीये. २०२२ साली पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेसाठी विषमतेवर एक रिपोर्ट केला होता त्यात हे होतं आणि आकडे २०१९-२०चे होते. आता तो आकडा थोडा वर सरकला असेल, पण लय काही बदललं असं वाटत नाही मला.

मी स्वतः एमआयडीसीत पेरोलचं काम करतो, म्हणजे दर महिन्याच्या एक ते सात तारखेपर्यंत माझं आयुष्य एक्सेलमध्ये जातं, त्यामुळे या विषयावर बोलायची खाज आहेच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे लोकांच्या कमाईचा अंदाज घेणारा मोठा सरकारी सर्व्हे म्हणजे पीएलएफएस. २०२३-२४चा घेतला तर महिन्याचा ठरलेला पगार असलेल्या माणसाची सरासरी कमाई साधारण २० हजार ७००. स्वतःचं काहीतरी करणारे, म्हणजे शेतकरी, टपरीवाला, रिक्षावाला, वकील, डॉक्टर सगळे एकाच पोत्यात, त्यांची १३ हजारांच्या जरा वर. आणि रोजंदारीवाल्याला दिवसाला ४१८ रुपयांच्या आसपास. आता यातली मेख बघा. पगारदार हा प्रकारच मुळात कामकरी लोकांत फक्त पावणेबावीस टक्के आहे. ५८ टक्के लोक स्वयंरोजगारवाले आणि राहिलेले वीसेक टक्के रोजंदारीवर. म्हणजे आपण चहा पिताना "भारतात पगार किती असतात" असं जे बोलतो ते पाचातल्या एका माणसाबद्दल बोलतो. बाकी चौघांना स्लिपच नाही.

आणि ४१८ला २६ने गुणून पावणेअकरा हजार होतात म्हणून खूश होऊ नका, रोजंदारीवाल्याला २६ दिवस काम कोण देतंय? पावसाळ्यात बांधकाम बंद, उन्हाळ्यात शेतात काम नाही, नाक्यावर सकाळी उभं राहून साडेदहाला घरी परत जाणारे काय कमी असतात का.

तरी या सरासरीत मोठे पगारवाले पण मिसळलेले आहेत. दहा जणांच्या खोलीत नऊ जण १२ हजारवाले आणि एक जण दोन लाखवाला बसवला तर सरासरी येते ३० हजार ८००, आणि त्या खोलीत ३० हजार घेणारा एकही माणूस नसतो. म्हणून मधला माणूस बघायचा, सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करून बरोबर मधोमध जो येतो तो. पगारांच्या बाबतीत तो जवळजवळ नेहमीच सरासरीच्या खाली सापडतो. आपण ज्यांना मिडल क्लास म्हणतो ते त्या रांगेत मधे कुठेच नसतात, पार पुढे असतात. २०२५च्या बजेटमध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणल्यावर टीव्हीवर मध्यमवर्गाला दिलासा दिलासा चाललं होतं. १२ लाख म्हणजे महिन्याला लाख, म्हणजे सरासरी पगारदाराच्या जवळजवळ पाचपट. मला पण तो दिलासा आवडलाच असता, पण तेवढा पगार असता तर ना!

असो. आकडे बाजूला ठेवून आमच्याकडचं सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण घ्यायची गरजच नाही, वाळूजला जा, चाकणला जा, सातपूर अंबडला जा, सगळीकडे सेम पिक्चर. एकाच लाइनवर चार माणसं उभी आहेत. पहिला परमनंट, पंधरा-वीस वर्षं जुना, युनियनचा मेंबर, ग्रॉस साठ-सत्तर हजार. दुसरा कॉन्ट्रॅक्टवाला, सरकारी किमान वेतनावर, पीएफ ईएसआय कापून हातात तेरा-चौदा, ओटी मिळाली तर अजून दोनेक. तिसरा ट्रेनी किंवा अप्रेंटिस, त्याला पगार नाही स्टायपेंड, कामगारच नाही तो कागदावर. चौथा टेम्पररी, ज्याला सात महिने झाले की ब्रेक द्यायचा, कारण सलग २४० दिवस भरले तर त्याला कायद्याचं संरक्षण लागू होतं आणि सहज काढता येत नाही. चौघं तेच नट आवळतात. चुकलं तर रिजेक्शन सेमच. कधी कधी तर कॉन्ट्रॅक्टचा पोरगा फास्ट असतो आणि परमनंटवाले काका त्याला "हळू कर रे, टार्गेट वाढवून ठेवशील" म्हणून दम देतात.

माझ्या शीटमध्ये हे चौघं एकत्र येतच नाहीत. परमनंटची शीट वेगळी, ती एचआरवाले बघतात. माझ्याकडे येते ती ठेकेदाराची. त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असा कॉलम असतो आणि आयटीआय केलेला फिटर सुद्धा अकुशलमध्ये टाकलेला मी रोज बघतो. जानेवारी आणि जुलैत सरकार किमान वेतनातला विशेष भत्ता, म्हणजे महागाईचा भाग, बदलतं तेव्हा दोनशे-चारशे रुपये वाढतात, तेवढीच त्याची पगारवाढ. तीन वर्षं काम करा नाहीतर तेरा वर्षं करा, शीटवर काही फरक दिसत नाही.

आणि परमनंटवाल्यांचा युनियनमार्फत कंपनीशी पगारवाढीचा करार झाला की गेटवर काय माहोल असतो तो बघण्यासारखा असतो. फ्लेक्स, गुलाल, पेढे, पेपरात दुसऱ्या दिवशी फोटो, "तब्बल इतक्या हजारांची ऐतिहासिक पगारवाढ". मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट महाराष्ट्रात पगाराचा आकडा उघडपणे बोर्डावर लागणारी ही एकच जागा राहिलीये, बाकी सगळीकडे पगार विचारणं म्हणजे वय विचारल्यासारखं. पण त्याच गेटमधून जे कॉन्ट्रॅक्टवाले आत जात असतात ते त्या फ्लेक्सकडे कसे बघतात ते एकदा बघा. करारात त्यांचं नावच नसतं. देशातल्या कारखान्यांत आता ४० टक्क्यांच्या वर कामगार कॉन्ट्रॅक्टचे आहेत, हे उद्योगांच्या सरकारी सर्व्हेतच आहे. म्हणजे युनियनने उद्या ठरवलं तरी अर्धी लाइन त्यांच्या हातात नाही.

कायद्यात काय नाही असं पण नाही. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७०चा, त्याच्या नियमांत सेम काम असेल तर सेम मजुरी असं होतंच. २०१६ला सुप्रीम कोर्टाने पंजाबच्या टेम्पररी कर्मचाऱ्यांच्या केसमध्ये समान काम समान वेतन स्पष्ट सांगितलं. मग होतं असं की कामाचं नावच बदलतं. परमनंट "ऑपरेटर", कॉन्ट्रॅक्टवाला "हेल्पर". मशीन एक, हात सेम, पदनाम वेगळं. काम वेगळं आहे असं कागदावर दिसलं की विषय संपला.

सरकार तरी धुतल्या तांदळाचं आहे का? सातव्या वेतन आयोगात केंद्राचा कमीत कमी मूळ पगार १८ हजार आणि सगळ्यात वर कॅबिनेट सेक्रेटरीचा अडीच लाख. म्हणजे साधारण एकास चौदा. पहिल्या आयोगाच्या वेळी, १९४७च्या सुमाराला, खाली ५५ रुपये आणि वर २००० होते, म्हणजे एकास छत्तीस. इतक्या वर्षांत सरकारी नोकरीतलं आतलं अंतर खरंच कमी झालं आणि ते चांगलंच झालं. माझी तक्रार वेगळी आहे, की आयोग फक्त आतल्यांचा असतो. त्याच ऑफिसात डेटा एंट्रीवाला, सफाईवाला, ड्रायव्हर आउटसोर्सिंगचा, त्याला फिटमेंट फॅक्टर (नवा पगार काढायला जुन्या मूळ पगाराला ज्याने गुणतात तो आकडा) म्हणजे काय ते फक्त टाइप करता येतं. आपल्या राज्यात शिक्षणसेवक बघा ना, डीएड-बीएड करून, टीईटी देऊन मुलगा शाळेत लागला तरी तीन वर्षं मानधनावर, आणि प्राथमिकला ते मानधन कित्येक वर्षं सहा हजार होतं! सहा हजार!! २०२३ पासून ते १६ हजार झालं. बाजूच्या वर्गात तोच धडा शिकवणाऱ्या सरांना त्याच्या तिप्पट-चौपट पगार.

आता बायकांचं. पगारदारांत पुरुषाला सरासरी २२ हजार तर बाईला साडेसोळाच्या आसपास, म्हणजे पाऊण. पण मला विचाराल तर हा पाऊणचा आकडा सुद्धा फार सभ्य आहे, कारण तो पगार मिळणाऱ्या बायकांचा आहे. काम करणाऱ्या म्हणून मोजलेल्या बायकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त बायका घरच्याच शेतात किंवा धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या आहेत. त्या कामात मोजल्या जातात, कमाईच्या सरासरीत घेतल्या जात नाहीत. शून्य धरलं असतं तर आकडा काय दिसला असता याचा विचार करा.

ऊसतोडीचं गणित तर याच्या पण पलीकडचं आहे. माझं आजोळ बीडकडचं, त्यामुळे लहानपणी दिवाळी झाली की गाव रिकामं होताना बघितलंय. तिथे मजूर मोजतच नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, म्हणजे हातात नवऱ्याच्या, आणि मग कारखान्यावर जाऊन दोघांनी ती फेडायची. पहाटे उठून आधी ती भाकरी टाकणार, मग फडात जाणार, तो तोडणार ती मोळ्या बांधणार आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवणार, जोडी दिवसाला दीड-दोन टन करते. २०२४च्या जानेवारीत दर टनाला २७३ वरून ३६६ झाला, ३४ टक्के वाढ, मोठी वाढ म्हणून पेपरात आली. दोन टनाचे ७३२, दोघांत वाटले तर माणशी ३६६. पण वाटतंय कोण? बाईची मजुरी किती हा प्रश्नच त्या हिशोबात येत नाही, तिचा वेगळा कॉलम नाहीये. एक दिवस खाडा झाला तर दंड मात्र लागतो. २०१९ साली बीडमधल्या गर्भपिशव्या काढलेल्या बायकांचा विषय विधिमंडळात गाजला, समिती नेमली, त्याच्या मुळाशी बाकी कारणांबरोबर पाळीच्या दिवसांत खाडा होऊन दंड लागायची भीती पण होतीच. आणि ही जोडी सर्व्हेत कशी मोजतात देव जाणे, कारण सर्व्हेवाला घरी येतो तेव्हा घराला कुलूप.

राज्याराज्यातला फरक तर बोलायलाच नको. रिझर्व्ह बँकेच्या २०२२-२३च्या आकड्यांत केरळात गावाकडच्या शेतमजुराला दिवसाला ७६४ रुपये आणि मध्य प्रदेशात २२९, तेच गुजरातला २४२ आणि आपल्याकडे तीनशेच्या आसपास. गुजरात आणि आपण, एवढे कारखाने असलेली राज्यं, आणि शेतमजुरीत देशाच्या सरासरीच्या, म्हणजे ३४५च्या, खाली. केरळात मजूर कमी, गल्फचा पैसा आणि जुन्या मजबूत संघटना हे तिन्ही आहे. रोजगार हमीचा २०२५-२६चा दर बघा, हरियाणा ४००, शेजारचा गोवा ३७८, महाराष्ट्र ३१२. ज्या राज्याने रोजगार हमी देशाला शिकवली तिथे ३१२. बांद्याचा माणूस पलीकडे पत्रादेवीला गेला की खड्डा खणायचा दर ६६ रुपयांनी वाढायचा.

आयटीवाल्यांचं मी फार बोलत नाही, त्यांचे स्वतःचे भरपूर ग्रुप आहेत. फक्त फ्रेशरचं पॅकेज दहा-पंधरा वर्षांपूर्वी तीन-सव्वातीन लाख होतं आणि आज साडेतीन-पावणेचार आहे, या काळात हिंजवडीतलं भाडं, पेट्रोल आणि इंजिनीअरिंगची फी कुठे गेली ते तुम्हीच बघा. महागाई वजा केली तर २०१७-१८च्या तुलनेत पगारदारांची खरी कमाई वाढायच्या ऐवजी घसरलीये, हे २०२५च्या आर्थिक पाहणीच्या आकड्यांतच दिसतं. गंमत म्हणजे त्याच काळात रोजंदारीवाल्याची थोडी वाढली. खालून कोणीतरी वर येतंय हे चांगलंय, पण एवढं खालून की ४१८ला पोचलाय.

आता आठव्या वेतन आयोगाची हवा आहे. न्यायमूर्ती रंजना देसाई अध्यक्ष झाल्यात, फिटमेंट किती लागणार यावर यूट्यूबवर रोज थंबनेल पडतायत लाल बाण लावून, ऑफिसमधले काका ते मला पाठवतात आणि विचारतात तुझं काय मत. माझं मत असं आहे की राष्ट्रीय किमान मजुरीचा जो तळाचा दर आहे, फ्लोअर वेज, तो २०१९ पासून दिवसाला १७८ रुपये आहे. त्याआधी १७६ होता, दोन रुपये वाढवले होते. तो तेव्हा राज्यांवर बंधनकारक पण नव्हता. नोव्हेंबर २०२५ला नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यात या तळाच्या दराला कायद्याचा आधार मिळालाय, केंद्र जो आकडा ठरवेल त्याच्या खाली कुठल्या राज्याला जाता येणार नाही. म्हणजे माझ्या शीटमधल्या हेल्परपासून नाक्यावरच्या गवंड्यापर्यंत कितीतरी कोटी लोकांना लागू पडू शकणारा हा एक आकडा आहे, आणि त्याच्यावर मला अजून एकाही काकाने व्हिडिओ पाठवलेला नाही.