राणीच्या बागेतली दूरदेशीची झाडं : कुणाला जोडीदार मिळाला, कुणाला नाही

भायखळ्याच्या राणीच्या बागेत बहुतेक जण प्राणी बघायला जातात. पण ही जागा मुळात झाडांची. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची शिवडीची बाग दफनभूमीसाठी गेली, तेव्हा तिच्या जागी ही नवी बाग उभी राहिली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी मुंबईच्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झाली. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. प्राणिसंग्रहालय त्यानंतरचं, १८९० चं. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे.

इथली दुर्मिळ झाडं ब्रह्मदेश, पनामा, व्हेनेझुएला, मादागास्कर आणि आफ्रिकेतून आली. पण ती एकटीच आली. त्यांच्या फुलांवर येणारे पक्षी, माश्या, वटवाघळं तिकडेच राहिली. म्हणून या बागेत फिरताना प्रत्येक झाडाबद्दल एकच प्रश्न विचारावा : याचे पराग इथे कोण नेतं? त्याच्या उत्तरावर झाडाला फळ धरणार की नाही हे ठरतं, आणि उद्या ते कोसळलं तर त्याच्या जागी दुसरं कसं आणायचं हेही.

सुरुवात उर्वशीपासून करावी. शास्त्रीय नाव अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस. १८२० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ नॅथॅनिएल वॉलिच यांना ती ब्रह्मदेशात साल्वीन नदीजवळच्या एका बौद्ध मठाच्या बागेत दिसली, आणि गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अ‍ॅम्हर्स्ट व त्यांच्या मुलीवरून त्यांनी तिला नाव दिलं. रानात ती फारच थोड्यांना सापडली आहे. जगातली बहुतेक झाडं बागांमधलीच. थंडी ते उन्हाळ्याची सुरुवात हा तिचा फुलांचा काळ. हातभर लांब लाल फुलोरा खाली लोंबतो. पाकळ्या पाच, पण दोन इतक्या बारीक की लक्षातच येत नाहीत. सगळ्यात रुंद पाकळीच्या टोकाला पिवळा डाग असतो. देठ आणि सहपत्रंही (फुलाखालची पानासारखी आवरणं) लाल, त्यामुळे कळ्या उमलण्याआधीच झाड रंगलेलं दिसतं. फुलं नसतील तर कोवळी पालवी शोधा : तांबूस-जांभळी पानं ओल्या फडक्यासारखी मलूल लोंबत असतात. झाड सुकलंय असं वाटतं, पण काही दिवसांत तीच पानं हिरवी होऊन ताठ होतात. पालवीच्या या काळात बुंध्याशी पाणी ओतत राहिलं तर मुळांना हवा मिळत नाही, आणि नसलेला आजार खरंच जडतो.

उर्वशीची अडचण बीची आहे. फुलं शेकडो, शेंगा क्वचित. मिळालंच बी तर ते फार दिवस जिवंत राहत नाही. म्हणून ती वाढवायची गुटी कलमाने, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून.

जून-जुलैत, पाऊस लागल्यावर, पेन्सिलीएवढी जाड आणि पूर्ण पिकलेली फांदी निवडावी. टोकापासून हात-दीड हात अंतरावर अडीच सेंटीमीटर रुंदीची साल गोल काढावी. सालीखालचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडून टाकायलाच हवा. बहुतेक गुट्या इथेच फसतात : तो थर राहिला की झाड साल पुन्हा जोडून घेतं आणि मुळं सुटतच नाहीत. वरच्या कडेला मुळं फुटायला मदत करणारी रूटिंग पावडर लावावी, भिजवून घट्ट पिळलेलं मूठभर मॉस (शेवाळ) भोवती बसवावं आणि वर प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीने आवळावीत. वरची गाठ सैल राहिली तर पावसाचं पाणी आत साचून मॉस कुजतं. आठ ते बारा आठवड्यांनी प्लास्टिकमधून मुळं दिसली, तरी लगेच कापू नये. पांढरी मुळं जरा तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटेपर्यंत थांबावं. कापल्यावर निम्मी पानं छाटून रोप दाट सावलीत ठेवावं. पुढे धोका ऑक्टोबरच्या उन्हाचा आणि थंडीतल्या कोरड्या वाऱ्याचा. पानांच्या कडा करपू लागल्या तर पाणी वाढवण्याआधी हवेतला ओलावा आणि आडोसा वाढवावा. जमिनीत लावायचं ते पुढच्या जूनमध्ये.

ब्राउनिया उर्वशीच्याच कुळातला, दक्षिण अमेरिकेतला. लाल फुलांचे गेंद खोडाला आणि जुन्या फांद्यांना लगटून येतात, म्हणून वर बघत चालणाऱ्याला ते दिसत नाहीत. पानांच्या आत डोकावावं लागतं. त्याचे मूळचे ग्राहक हमिंगबर्ड. इथे शिंजीर मध प्यायला येतात, पण तरी शेंगा कमीच. यालाही गुटीच करावी.

याच्या अगदी उलट कैलासपती. तोही दक्षिण अमेरिकेचा, पण इथे त्याचं कुठेच अडलं नाही. त्याच्या फुलात मध नसतोच. येणाऱ्याला पराग हेच खाणं. पुंकेसरांचे दोन गट असतात. फुलाच्या तळाशी कड्यासारखी मांडणी असते, तिचे पराग बी धरवतात. वर नागाच्या फण्यासारखं जे वळलेलं असतं, तिथले पराग फक्त खाऊ घालण्यासाठी, बी धरायला निरुपयोगी. भुंगा फण्यातले पराग खायला आत शिरतो, तेव्हा त्याची पाठ कड्यावर घासते. अमेरिकेत हे काम मोठे भुंगे करतात, आणि आपल्याकडेही त्याच आकाराचे काळे भुंगे आहेत. त्यामुळे फळं भरपूर लागतात. फूल एक दिवसाचं. वास सकाळी लवकर सगळ्यात दाट असतो.

फळ पिकायला साधारण वर्ष लागतं. पडून फुटलं की आतला गर हवा लागून निळसर-हिरवा होतो आणि घाण वास सुटतो. वजनदार फळ डोक्यात पडू शकतं, म्हणून हे झाड बाकाजवळ, पायवाटेवर किंवा गाड्या लावायच्या जागी लावूच नये. आणखी दोन गोष्टी. हे झाड वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा सगळी पानं टाकतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा भरतं. निष्पर्ण दिसलं म्हणून मेलं समजू नका. आणि खोडावरच्या त्या वेड्यावाकड्या काड्या म्हणजेच फुलांच्या फांद्या. झाड ‘साफ’ करताना त्या कापल्या की फुलं गेली. बी ताज्या फळातलं घ्यावं, गर पूर्ण धुऊन काढावा आणि लगेच पेरावं. गर राहिला तर बुरशी येते.

रात्री फुलणाऱ्यांची गोष्ट निराळी. गोरखचिंच, ब्रह्मदंड आणि मेणबत्तीचं झाड ही तिन्ही वटवाघळांची. मुंबईत वटवाघळांना तोटा नाही, शिवाय त्यांना असल्या फुलांचा सराव आहे : आपल्या रानातला टेटू हा ब्रह्मदंड आणि मेणबत्तीच्याच कुळातला, तोही रात्री फुलतो आणि वटवाघळांवरच अवलंबून असतो. बाग संध्याकाळी बंद होते, त्यामुळे हा प्रकार प्रत्यक्ष बघता येत नाही. पण सकाळी उघडल्याबरोबर गेलात तर गळलेली फुलं झाडाखाली ताजी मिळतात.

आफ्रिकेतल्या गोरखचिंचेची मोठी पांढरी फुलं पावसाळ्याच्या तोंडाला येतात. पान काटेसावरीसारखं पंजाच्या आकाराचं, म्हणून गोंधळ होतो. काटेसावर निष्पर्ण असताना लाल फुलते आणि तरुणपणी खोडावर काटे असतात; गोरखचिंचेचं खोड गुळगुळीत, राखाडी आणि उंचीच्या मानाने अवाढव्य. बी रुजवायचं तर उकळतं पाणी ओतून चोवीस तास तसंच ठेवावं, किंवा कानशीने कवच घासावं. नुसतं पेरलं तर महिनोन् महिने काही होत नाही. रोपाची पहिली पानं साधी, एकेकटी असतात. पंजा नंतर येतो. नर्सरीने भलतंच दिलं म्हणून रोप उपटू नका. पानगळीनंतर पाणी जवळजवळ थांबवावं, नाहीतर मूळ कुजतं.

ब्रह्मदंडही आफ्रिकेचा. गडद लाल फुलं लांब दोरीसारख्या देठावर, फांद्यांपासून दूर लोंबतात, म्हणजे वटवाघळाला पंख आपटल्याशिवाय पोचता येतं. हे झाड स्वतःच्या परागांनी फळ धरत नाही. एकट्या ब्रह्मदंडाला फळ नसेल तर खत घालून उपयोग नाही. दुसरं, बीपासून वाढलेलं झाड जवळ हवं. फळ सात-आठ किलोपर्यंत भरतं, आपोआप फुटत नाही, बियांसाठी करवतीने कापावं लागतं. कच्चं फळ विषारी आहे.

मेणबत्तीचं झाड पनामाचं, आणि तिथे आता धोक्यात आलेलं. पिवळट, गुळगुळीत, दोन फुटांपर्यंत लांब फळं थेट खोडावरून लोंबतात. या तिघांत जपायला हवं ते हे, कारण मूळ घरीच ते संपत चाललंय.

मादागास्करचा कोल्व्हिलिया फुलं नसताना गुलमोहरच वाटतो. गुलमोहर एप्रिल-मेमध्ये फुलतो. हा पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. नारिंगी फुलं पूर्ण उघडत नाहीत, फक्त पुंकेसर बाहेर येतात.

कृष्णवड मात्र दूरदेशीचा नाही. तो आपल्या वडाचाच प्रकार. पानाच्या देठाशी द्रोण तयार झालेला असतो. बीवर भरवसा ठेवू नये, द्रोण हवा असेल तर छाटकलम किंवा गुटी करावी. रोपाला साधी पानं असलेला फुटवा आला तर तो तिथेच कापावा, नाहीतर जोर धरून तोच झाड व्यापतो.

या सगळ्या झाडांचा खरा शत्रू मुळांभोवतीचं काँक्रीट हाच आहे. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी ठेवली की काम झालं असं मानलं जातं. जुन्या झाडाला ते पुरत नाही. पायवाटेसाठी चर खणून एका बाजूची मुळं तोडली, तर झाड दोन-तीन पावसाळे हिरवं दिसतं आणि मग एखाद्या वादळात त्याच बाजूने उलटतं. बुंध्याशी मातीचा ढीग करून फुलझाडं लावणंही तितकंच वाईट. साल सतत ओली राहून कुजते. २०२१ पासून महाराष्ट्राच्या कायद्यात पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं आहे. कापण्यावर त्यामुळे लगाम बसतो, पण चर खणताना कुणी मुळांचा विचार करत नाही. म्हणून उर्वशीच्या आणि ब्राउनियाच्या गुट्या दर पावसाळ्यात बांधल्या जायला हव्यात, झाड धडधाकट असतानाच. आजारी झाडाची फांदी मुळं सोडत नाही.

बघायला जायचं तर उर्वशीसाठी फेब्रुवारी, गोरखचिंचेसाठी जून, कोल्व्हिलियासाठी ऑक्टोबर. बाग बुधवारी बंद असते.